फुली मारलेली झाडं

प्रिय ठमे,

आशीर्वाद शेवटी देतो, तोवर तुला ते हवेसे वाटले तर. आधी खाली बस. बसलीस? तुझ्या आईची तब्येत ठणठणीत आहे, फक्त ती माझ्याशी बोलत नाही. दुकान बरं चाललंय. त्या जाड्या वकिलाचा कोट तिसऱ्यांदा सैल करून दिला. तो म्हणतो कापड आटतंय. कापड कसलं आटतंय, डोंबल! असो. मी विषय टाळतोय हे तुझ्या लक्षात आलंच असेल.

विषय दुकानामागच्या मोकळ्या जागेचा आहे. कॉलेजला परत जाताना तू तिथली ती लुकडी, गुडघाभर झाडं माझ्या हवाली केलीस. पूर्वी ती या भागात जिकडेतिकडे उगवायची, आता इमारती उठल्या, गाड्या लावायच्या जागा झाल्या, म्हणून एवढी एक्केचाळीसच उरली, आणि ते निळं फुलपाखरू अंडी घालतं ते फक्त त्यांच्यावरच, असं सगळं तू मला समजावलंस. पण कधी? मी कोटाचा खांदा बसवत असताना! तोंडात टाचण्या असल्या की मी नुसती मान हलवतो, ऐकत काही नाही. हे तुझ्या आईला तीस वर्षं माहीत आहे, तुला माहीत नको? माझ्या डोक्यात एवढंच शिरलं की मागे काहीतरी वाढवायचं आहे. तू गेल्यावर जाऊन बघितलं, तर ठरावीक झाडांशेजारी एकेक दगड आणि प्रत्येक दगडावर पांढरी फुली.

आता तूच सांग, चाळीस वर्षं कात्री चालवलेल्या माणसाने पांढरी फुली बघून काय समजावं? कापडावर डाग असला, वीण सुटलेली असली, की आम्ही तिथे खडूने फुली मारतो. म्हणजे तेवढा भाग काढून टाकायचा. तू मोजलेल्या झाडांवर खूण करून ठेवतेस हे मला काय ठाऊक! मला वाटलं, पोरीने नको ती झाडं किती व्यवस्थित दाखवून ठेवलीत, बापाचा गुण कुठेतरी उतरला म्हणायचा. अगदी ऊर भरून आला गं. एका सकाळीत एक्केचाळीसच्या एक्केचाळीस उपटली. मुळासकट. अर्धवट काम मला खपत नाही.

आणि फुली नसलेलं ते पिवळ्या फुलांचं झुडूप, कुठल्या परक्या मुलखातून घुसलेलं, ज्याच्या नावाने तू बोटं मोडतेस, ते मी चार महिने लाडाने वाढवलं. पाणी घातलं, काठ्या रोवल्या, वारं लागू नये म्हणून भोवती अस्तराचं कापड बांधलं. दर रविवारी टेप लावून उंची आणि घेर घेतला आणि तुला फोनवर सांगितला. मी सांगायचो इंचात, तू लिहून घ्यायचीस सेंटिमीटर समजून. साठ म्हटल्यावर तू आनंदाने केवढ्याने ओरडली होतीस! तुझ्या सरांनी म्हणे माझे आकडे अहवालात घातले. ते मी येईल त्या गिऱ्हाइकाला सांगितलं, वकिलाला तर दोनदा.

मग मंगळवारी तू फोनवर झाडाचा, फुलपाखराचा आणि अळीचा फोटो पाठवलास, दुकानाच्या काचेवर लावायला म्हणून, आणि कळवलंस की येत्या रविवारी सर तुझ्याबरोबर बी गोळा करायला येणार आहेत. फोटो बघितला आणि कळलं, हीच ती मी उपटलेली झाडं. तुझी आई मागून बघत होती. तिने एकदा फोटोकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि तेव्हापासून जी गप्प आहे ती आहेच. चार शिव्या दिल्या असत्या तरी परवडलं असतं.

त्याच दुपारी गुडघे टेकून सगळी जागा हुडकली. भिंतीच्या कडेला एकाचं मूळ तुटून आत राहिलं होतं, त्याला वीतभर फुटवा आलाय. सात पानं. मला रडू आलं, खोटं सांगत नाही. दुसऱ्या दिवशी बघतो तर सहाच, आणि पानाखाली फोटोतली ती हिरवी अळी, जेवून सुस्तावलेली! आता करू काय? अळी काढली तर तुझं फुलपाखरू जातं, ठेवली तर झाड जातं. आज चार पानं उरलीत. मी स्टूल टाकून समोर बसलोय आणि गिऱ्हाइकांची मापं तिथेच घेतोय. पण हात लावलेला नाही. तुला विचारल्याशिवाय लावणार नाही. पत्र दुपारच्या बसने पाठवतोय, संध्याकाळी तुझ्या हातात पडेल. वाचलंस की लगेच फोन कर आणि अळीचं काय करायचं ते सांग. ओरडायचं तेही तेव्हाच ओरडून घे.

हे सगळं फोनवरही सांगता आलं असतं. पण फोनवरचं बोलणं सरांपुढे ठेवता येत नाही, आणि त्यांना वाटेल की खोटे आकडे तू दिलेस. म्हणून लिहून देतोय. तू मोजलंस, खुणा केल्यास, नीट समजावून सांगितलंस. ऐकलं नाही ते मी. माझी मुलगी गवत मोजते असं सांगून मी दुकानात हशा पिकवायचो, हेही तू ऐकलेलं आहेस. तरी तू तुझ्या कामातलं काहीतरी पहिल्यांदा माझ्यावर सोपवलंस, आणि मी त्याची माती केली. मला फार लाज वाटते गं. हे पत्र सरांना जसंच्या तसं दाखव, आईबद्दलचं तेवढं हवं तर झाक. मागच्या बाजूला तारीख घालून सही केली आहे, दुकानाचा शिक्काही मारलाय. आणि रविवारी ते आले की पुढे मी उभा राहीन, तू माझ्या मागे राहा.

आशीर्वाद आहेतच.

तुझाच, चुकलेला,
बाबा