मेमरी ३२००चीच होती

ओग्न्येन,

काल तुझा कॉम्प्युटर उघडून बघितला. मेमरी ३२०० वेगाचीच आहे, पट्टीवर छापलंय. जोडताना सेटिंगमध्ये तो वेग तू चालूच केला नव्हतास, म्हणून ती २१३३वर रखडत होती. आता चालू केलाय, तपासलाय.

म्हणजे झिवोयिनकाकांनी कमी वेगाची मेमरी विकून बाबांना फसवलं नव्हतं. तुझ्या शब्दावर बाबा मरेपर्यंत त्यांच्या दुकानाची पायरी चढले नाहीत. काकाही मग मातीला आले नाहीत.

मी कबरीवर पुढे जाते, मेणबत्त्या नेल्यात. बाबांच्या वर्षाला कबरीपाशी चमचा-चमचा वाटायचे गोड गहू ओट्यावर झाकलेत, ते तू आण. पाद्रींची प्रार्थना होईपर्यंत चाखू नकोस. येताना काकांना घेऊन ये. फोन करू नकोस, दुकानात जा आणि तुझ्या तोंडाने सांग.

पहिला चमचा त्यांना द्यायचाय.

देसांकाताई