सौंसरच्या छतावरची डिश आणि तुमची बहीण

आदरणीय मधुकरराव यांना सौंसरहून भाऊरावचा सप्रेम जयभीम.

तुमचा गुडघा आता कसा आहे? वहिनींचा खोकला गेला का? पांढुर्ण्याला यंदा थंडी जास्त पडून राहिली असं ऐकतो, कानाला मफलर बांधत जा. इकडे मी ठीक आहे. (म्हणजे चहा मीच करतो, भात मीच करपवतो आणि गंज-भांडी घासतानाही मीच असतो.) फोन सोडून पत्र काहून, असं तुम्ही म्हणाल. तुम्हाला मी चार वेळा फोन लावला. चारही वेळा तुमच्या बहिणीनं उचलला, माझा आवाज ऐकला आणि 'राँग नंबर' म्हणून ठेवला. एकतीस वर्षांच्या संसारानंतर नवरा राँग नंबर होऊ शकते, हे मला माहीत नव्हतं. म्हणून शेजारची शीतल, जी रोज तुमच्याकडच्या शाळेत शिकवायला येते, तिच्या हाती हे पत्र देतो. शांताबाईनं तिकडे येऊन 'भावाची आठवण आली' असं सांगितलं असेल. आठवण तिला खरीच येते, पण यावेळी कारण केबल आहे.

झालं असं. आमचा केबलवाला वीरेंद्र अठरा वर्षांपासून आमच्या घरी तार देऊन राहिला. वारा सुटला की चित्र जायचं, वीरेंद्र सायकलवर यायचा, खांबावर चढायचा, चित्र यायचं. गेल्या महिन्यात त्यानं भाडं वाढवलं. त्याच आठवड्यात बसस्टँडवर एका नव्या डिश कंपनीची छत्री लागली आणि छत्रीखाली डिंपल नावाची एक गोड बोलणारी बाई. एक वर्ष घ्या, भाडं अर्धं, चॅनल तीनशे, वरून एक टिफिन फुकट. मी काही खुळा नाही, मी विचारलं, "मराठी येईल ना?" ती म्हणाली, "अंकल, सब आता है." (त्या 'सब'मध्ये काय काय येते हे नंतर कळलं.) मी सही केली, टिफिन घेतला आणि भर चौकात वीरेंद्रला थांबवून सांगितलं की तुझी तार काढून ने. तो बिचारा रागावला नाही. एवढंच बोलला, "भाऊ, काकूले पुसलं का?" मी छाती काढून म्हणालो की आमच्या घरात असे निर्णय मी घेतो. (हसू नका. तुमची बहीण आहे, तुम्हाला ठाऊक आहे.)

गुरुवारी डिश लागली. छतावर ती अशी चमकायची की मी दोनदा रस्त्याच्या पलीकडे जाऊन पाहून आलो. साडेसातला गल्लीतल्या पाच बाया नेहमीसारख्या आमच्याकडे जमल्या. त्या दिवशी त्यांच्या मालिकेत लग्न होतं, जे आठ महिन्यांपासून होता होता राहून जात होतं. मी रिमोट उचलला. भोजपुरी आलं, पंजाबी आलं, दागिने विकणारं चॅनल आलं, मराठी काही येईना. घाम फुटला. कंपनीला फोन लावला तर तिथली मुलगी म्हणे, "सर, आप मध्यप्रदेश से हैं, आपके पैक में मराठी नहीं है." मी म्हणालो, "बाई, आमी सौंसरचे हावो. इथं भांडण बी मराठीतच होते." ती म्हणाली, "सर, मैं आपकी भावना समझती हूँ." भावना समजली, पण मराठी चॅनल वेगळे घ्यावे लागतील, सात दिवस लागतील, आणि ते धरून भाडं वीरेंद्रपेक्षा जास्त. तोवर बाया एकेक करून उठल्या. शांताबाई रिकाम्या सतरंजीकडे पाहत बसली होती. मग म्हणाली, "अठरा वर्सं तुमच्या संग क्रिकेट पाह्यलं मी. मले काही ते आवडत नव्हतं. मले एक डाव पुसलं असतं तं काय झालं असतं?"

सकाळी तिनं पिशवी भरली आणि तुमच्याकडची बस धरली.

परवा मी मान खाली घालून वीरेंद्रकडे गेलो. वाटलं, आता हा चौकातलं सगळं व्याजासकट परत करते. त्यानं चहा सांगितला. म्हणाला, "तुमची तार म्या काढलीच नाही भाऊ. गुंडाळून खांबाले टांगली हाये." मी म्हणालो, मग जोड आजच. तर मान हलवून म्हणे, "आता असं नाही. काकू येऊन सांगन, तवाच जोडीन. यावेळी काकूलेच पुसतो." चहाचे पैसेही देऊ दिले नाहीत. तेव्हा आता सगळं तुमच्या हातात आहे. तिला समजावून लवकरात लवकर पाठवा. माझी चूक झाली, हे मी लेखी देऊन राहिलो, कागद जपून ठेवला तरी चालेल.

तुमचा,
भाऊराव

ता. क. – लवकरात लवकर म्हणजे अगदी आजच नाही. त्या तीनशे चॅनलमध्ये एक तेलुगू मालिका सापडली. एक अक्षर समजत नाही, पण एका म्हातारीनं घराच्या चाव्या भलतीच्याच हाती दिल्या आहेत आणि शनिवारी आठला काहीतरी मोठं होणार आहे. वीरेंद्रची तार जोडली की हे बंद होईल. तेव्हा रविवारी पाठवली तरी चालेल.

आणखी ता. क. – शीतल दारात उभी आहे, घाईत लिहितो. वरचं खोडलं समजा. शनिवारीच पाठवा, दुपारच्या बसनं. ती भलती नेमकी सून आहे की सवत, हे मला पाच दिवसांत कळलं नाही. शांताबाई चेहरा पाहून सांगन. खूप पुसायचं साचलं आहे तिला.