पवनीच्या हॉटेलातली कडी

माय,

पवनीच्या त्या हॉटेलाबद्दल आपण पुन्हा कधी बोललोच नाही. बाबा जाऊन वर्ष झालं होतं, मी मॅट्रिक होऊन घरी होते. मुलाने आणि त्याच्या घरच्यांनी येऊन मला पसंत केलं होतं आणि घर बघायला आपल्या दोघींना बोलावलं होतं. गावातल्या जुन्या स्तूपाचं खोदकाम झाल्यापासून लांबलांबचे लोक ते पाहायला यायचे. त्यांच्यासाठी मुलाच्या वडिलांनी नदीकडच्या आळीत चारच खोल्यांचं, पण फार देखणं हॉटेल काढलं होतं. तिथेच आपली सोय केली होती. लाल गुळगुळीत फरशी, कोशाच्या रेशमी कापडाच्या उशा, हिरव्या काचांची खिडकी, माणूसभर उंच आरसा. मी आरशासमोरून हलत नव्हते. तू मात्र पलंगावर टेकलीसुद्धा नाहीस, खालीच बसलीस.

चहा घेऊन त्यांची थोरली सून आली. तिने मान वर केली नाही. तू विचारलंस, "माहेर कुठचं वो बाई?"

तिने आधी दाराकडे पाहिलं. "नाकाडोंगरीकडचं."

"कधी गेल्ती?"

"नाही जात."

"काहून?"

कपबशा खाली ठेवून ती निघून गेली.

जेवणं झाल्यावर आपल्याला आराम करायला सांगितलं. दार ओढलं गेलं आणि बाहेरून कडी लागल्याचा आवाज आला. मला वाटलं, चुकून लागली असेल. तू उठून दार ढकललंस, मग दाराच्या आतल्या बाजूवरून हात फिरवलास. तिथे कडी नव्हती. ती काढल्याची भोकं तेवढी होती, आणि भोकांभोवतीचं लाकूड अजून नवं दिसत होतं. मी हाक मारायला तोंड उघडलं तशी तू माझा हात धरलास. "बोंबलू नको. आपण भेलो हे त्याईले समजू नये." खिडकीला गज होते. खिडकीतून फरशीवर पडलेला हिरवा उजेड सरकत सरकत भिंतीवर चढला, तरी कोणी येत नाही. मी तुझ्याकडे पाहते आहे, आणि तू दाराकडे.

शेवटी दार उघडलं. मुलाचे वडील हसत उभे होते. "माकडं लय येतात, बाई. चादरी फाडतात. म्हणून लावली कडी."

तूही हसलीस. "बरं केलं जी. आमी जरा घाटावर जाऊन येतो. वैनगंगेले हात जोडतो."

"मंग पिशवी राहू द्या इथंच."

"राहू द्या ना. येतोच आमी."

त्या पिशवीत माझं एकुलतं चांगलं पातळ होतं. रस्त्यावर आल्यावर तू म्हणालीस, "मागं पाहू नको." घाटाकडे न वळता तू मला सरळ बस स्टँडवर नेलंस. गाडी हलेपर्यंत तू माझं मनगट सोडलं नाहीस. मी भंडारा येईपर्यंत काचेबाहेर पाहिलं नाही.

माकडाच्या भीतीने सोयरीक मोडली म्हणून मामा तुला चारचौघांत बोलला. तुझ्यापाशी सांगायला होतं तरी काय? मग माझं लग्न दुसरीकडे झालं. पुढे एकदा वरठीच्या स्टेशनवर ती थोरली सून दिसली, भावाबरोबर, कायमची माहेरी चाललेली. तिने तुला ओळखलं. "बरं केलं मावशी, निंघून गेल्या. मले रोज कोंडून ठेवत होते. सासऱ्याच्या मनात आलं का लावली कडी." तिची गाडी गेली आणि तू प्लॅटफॉर्मवरच बसलीस.

आता तू नाहीस, हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकणार? टाकता आलं असतं तरी टाकलं नसतं, कारण शेवटचं वाक्य तू वाचावंस असं मला वाटत नाही. मला तो मुलगा आवडला होता, माय. पवनीला गाडी सुटायच्या आत तू मनगट सोडलं असतंस, तर मी परत गेले असते.