दुधी काचेवरची टोपी

दि. ४ नोव्हेंबर

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

उशिरा लिहितेय म्हणून रागावला असाल, पण बातमी ऐका. एक तारखेपासून तुमच्याच हॉटेलच्या भटारखान्यात, तुमच्याच जागेवर, मी मुख्य शेफ म्हणून उभी राहणार. तुमचा जुना चिमटा अजून त्याच खिळ्याला आहे. त्याला हात लावायची कुणाची छाती होत नाही.

अडचण एकच. मॅनेजरसाहेबांनी उंच टोप्या बंद करून सगळ्यांना बसक्या टोप्या द्यायचं ठरवलंय. केस झाकले की झालं, वरचा मनोरा कशाला, असं त्यांचं म्हणणं. मी तुमची टोपी घालणार म्हटल्यावर ते म्हणाले, ती उंच का असते ते पटवून द्या आणि खुशाल घाला. मी तर लहानपणापासून ती टोपी पाहिली, पण विचारायचं कधी सुचलंच नाही.

तेव्हा सविस्तर लिहा, आणि टोपी घेऊन स्वतः या. ती तुमच्या हातांनी माझ्या डोक्यावर यावी असं फार वाटतं. आई गेल्यापासून दादाकडे जाऊन राहिलात ते दोन वर्षं इकडे फिरकला नाहीत. दादा-वहिनींना नमस्कार. लोभ आहेच, तो घेऊन इकडे यावं.

तुमची,
पिटुकली

दि. ११ नोव्हेंबर

चि. पिटुकलीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र तीनदा वाचलं. चौथ्यांदा तुझ्या वहिनीनं काढून घेतलं, कारण आमटी थंड होत होती.

माझे वस्ताद सांगायचे, कुण्या राजाच्या ताटात केस निघाला आणि आचाऱ्याचं डोकंच जायची वेळ आली, तेव्हापासून डोकी झाकली गेली. खरं-खोटं देव जाणे. चुण्या म्हणे शंभर, कारण अंडं शंभर तऱ्हांनी करता आलं पाहिजे. मला जेमतेम चाळीस जमायच्या, म्हणून मी चुण्या कधी मोजल्या नाहीत. उंचीमुळे आत हवा खेळते. पांढऱ्यावर मळ लपत नाही. आणि सगळ्यांत उंच टोपी मुख्याची, म्हणजे वाफेच्या गर्दीत विचारायचं कुणाला ते कळतं. माझ्यासारख्या ठेंगण्याला तिचा मोठा आधार होता.

तरी माझी जरा जास्तच उंच होती. धुराड्याच्या कडेला लागायची. चार बोटं कमी कर म्हणून तुझ्या आईला कितीदा सांगितलं, पण हॉटेलच्या धुलाईखात्यात तिचंच राज्य, तिनं ऐकलं नाही. एका आठवड्यात तर खळ न घालताच पाठवली. दिवसभर ती माझ्या कानांवर लोळत होती. कारण आजवर कळलं नाही.

यायचं म्हणशील तर नको. त्या अंगणात इकडे भटारखाना, समोर धुलाईखातं, आणि तिथे ती नाही. माझ्याच्यानं बघवणार नाही. टोपी पार्सलनं पाठवतोय. खळ मीच घातलीय, सांभाळून घे. लोभ होता तसाच आहे.

तुझे,
बाबा

दि. १९ नोव्हेंबर

ती. भावोजींस,
सा. न. वि. वि.

पिटुकलीनं तुमचं पत्र वाचून दाखवलं. तुमच्या गोष्टींवर साहेबांनी पहिल्या दिवसापुरती परवानगी दिली आहे. पुढचं मागाहून बघू म्हणाले. पण तुमची टोपी इतकी उंच का, याचं खरं कारण तुम्हालाच ठाऊक नाही. ताईनं शपथ घातली होती. आता ती रागावायला नाही, म्हणून लिहिते.

भटारखान्याच्या खिडकीला खालून अर्ध्यापर्यंत दुधी काच आहे. तुमची उंची तुम्ही जाणताच. बाहेरून तुम्ही कधीच दिसत नव्हता. म्हणून ताईनं टोपी वाढवली. रोज चार वाजता ती कपडे वाळत घालायला अंगणात यायची, आणि काचेवरून टोपी इकडून तिकडे गेलेली दिसली की परत कामाला लागायची. मी शेजारीच उभी असायचे. कपडे मीच वाळत घालायचे.

एकदा तुम्ही डोकं दुखतंय म्हणून टोपी हाताखालच्या स्वयंपाक्याला दिलीत. ताई पाव तास त्याच्याकडे बघून हसत उभी! मग तो दाराबाहेर आला. खळ का नव्हती, ते आता कळलं असेल.

ताईनं ज्या जागी बावीस वर्षं काढली, तिथे तुम्हाला एक दिवस उभं राहवत नाही? रागावू नका, पण मला तुमचा राग आलाय. तरीही लोभ राखून आहे.

आपली,
मेहुणी

दि. १ डिसेंबर, सायंकाळी

चि. पिटुकलीस,
अनेक आशीर्वाद.

समोर आलो तर माझ्याच्यानं बोलवणार नाही, म्हणून ही चिठ्ठी मावशीबरोबर पाठवतोय. आज चार वाजता अंगणात होतो. कपड्यांच्या दोरीपाशी मावशीनं जागा दाखवली. तिथली फरशी जराशी खोलगट झाली आहे.

तू दिसली नाहीस. उंची माझीच घेतलीस. आधी नुसती काच दिसली आणि जीव घाबरा झाला. मग टोपी आली. डावीकडे गेली, थांबली, परत आली. माझी खळ कमी पडलीय, ती एका अंगाला कलत होती. मी तिथेच रडलो. मावशीनं हातात एक ओली चादर दिली, म्हणजे लोकांना वाटावं म्हातारा काम करतोय.

आत आलो नाही. ऐन कामात मुख्य शेफला हाक मारायची नाही, हा नियम माझाच. साहेबांना सांग, टोपी उंच असते ती बाहेर उभ्या असलेल्या माणसासाठी. पटलं नाही तर त्यांना चार वाजता दोरीपाशी पाठव, मी आहेच.

दादाला कळवलंय, थोडे दिवस मावशीकडे राहतो. टोपी घरी घेऊन ये, नीट खळ घालून माझ्या हातांनी तुला घालीन. चार बोटं कमी मात्र करायची नाहीत. लोभ काचेवरून दिसत राहावा.

तुझे,
बाबा