सहाव्या मजल्याच्या दाराबाबत माझी अखेरची इच्छा

मी, खाली सही करणार, वय वर्षे चौसष्ट, अविवाहित, व्यवसाय चित्रकाम, हे मृत्युपत्र स्वतःच्या हस्ताक्षरात, भर दुपारी, कोणाच्याही धाकाशिवाय लिहीत आहे. तळमजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंनी सकाळी मला तपासले आणि माझे डोके ठिकाणावर असल्याचा दाखला दिला. तो सोबत जोडला आहे. यापूर्वी मी एकही मृत्युपत्र केलेले नाही. माझ्या धाकट्या भावाने एखादे काढून दाखवलेच, तर ते त्याने केलेले समजावे.

१. राहते घर, दोन खोल्या व बाल्कनी, माझ्या भाचीला, म्हणजे याच भावाच्या मुलीला द्यावे. ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. न्हाणीघरातला नळ उलटा फिरतो. तीन प्लंबरांनी त्यापुढे हात टेकले आहेत, चौथा बोलावू नये.

२. चित्रकामाचे टेबल, चित्र गिरवायची दिव्याची काचपेटी, टाक व ब्रश समोरच्या पाट्या रंगवणाऱ्याला द्यावेत. तो माझे ब्रश मागून नेतो आणि धुऊन परत करतो. असा माणूस मला आयुष्यात एकच भेटला. त्याला काही मिळणार असल्याने साक्षीदार केलेले नाही. कायदा मलाही कळतो.

३. कपाटातील प्राण्यांची एकशे बारा मूळ चित्रे, आणि ‘नऊ मजले खाली’ या व्हिडिओ गेमचे माझ्या नावावरील सर्व हक्क. इथे थोडे सविस्तर लिहावे लागेल.

हा खेळ आम्ही दोघांनी केला. भाऊ तेव्हा सतरा वर्षांचा होता. जुना कॉम्प्युटर त्याने भंगारातून आणून चालू केला. तो हुशार होता. मरताना खोटे कशाला लिहू? प्रोग्राम त्याचा, प्राणी आणि नियम माझे. प्राणी पिल्लू असताना पकडायचे, खाऊपिऊ घालून वाढवायचे आणि त्यांना घेऊन तळघरात एकेक मजला उतरायचे. लढाई पाळीपाळीने. एक वार तुमचा, एक समोरच्याचा, मध्ये विचाराला हवा तेवढा वेळ. हरलेला प्राणी मरत नसे. तो रुसून मागे मागे चालायचा आणि पोटभर जेवला की पुन्हा उभा राहायचा. या एका नियमासाठी मी भावाशी चार दिवस भांडले होते आणि जिंकले होते.

नोंदणीच्या वेळी तो कायद्याने अज्ञान, म्हणजे अठराच्या आतला होता, म्हणून कागद माझ्या नावाने झाले. हे तो पुढे सोयीस्करपणे विसरला.

(‘फणकारी’ हा प्राणी भावजयीवरून काढलेला नाही, असे मी वर्षानुवर्षे सांगत आले. तो तिच्यावरूनच काढला आहे. तिने वाईट वाटून घेऊ नये, फणकारीला हरवणे फार अवघड आहे.)

अठरा वर्षांपूर्वी खेळाची तिसरी आवृत्ती निघाली, तेव्हा माझ्या खुब्याचे ऑपरेशन झाले होते आणि मी अंथरुणावर होते. भाची नऊ वर्षांची होती. शाळेतून थेट माझ्याकडे आली, दप्तरही काढले नाही.

“आत्या, तो मला खापऱ्याला विरघळवायला सांगतोय.”

“कोण सांगतोय?”

“खेळ. नाहीतर सहाव्या मजल्याचं दार उघडतच नाही.”

खापऱ्या म्हणजे पाठीवर खापर असलेला, सगळ्यात दुबळा आणि सगळ्यात आधी मिळणारा प्राणी. तिने तो आधीच्या आवृत्तीपासून दोन वर्षे वाढवला होता. भावाने मला न विचारता नवा नियम घातला होता. दुबळा प्राणी बलवान प्राण्यात विरघळवायचा, तो कायमचा जातो, दुसऱ्याची ताकद वाढते. आणि हे केल्याशिवाय पुढे वाट नाही.

मी कुबड्या घेऊन त्याच्या ऑफिसात गेले. वीस माणसांसमोर विचारले.

तो म्हणाला, “ताई, ते आकडे आहेत. आकड्यांना दुखत नाही.”

“पोरांना दुखतं.”

“दुखलं की पोरं पुन्हा खेळतात,” तो म्हणाला, आणि दोघेतिघे हसले.

पुढच्या आवृत्तीत खेळाच्या शेवटी येणाऱ्या यादीतून माझे नाव गेले. तिथे लिहिले होते, ‘साहाय्य : घरची मंडळी’. घरची मंडळी पुढची सगळी वर्षे वैद्यकीय पुस्तकांसाठी हाडे आणि स्नायू काढत बसली.

मागच्या महिन्यात तो वकिलाला घेऊन आला. खेळ मोबाइलवर आणायचा आहे आणि माझ्या सहीवाचून अडले आहे. म्हणाला, “एका पोरखेळावरून जन्मभर रुसून बसलीस.” मी दोघांना चहा न विचारता घालवले.

त्यानंतरच्या मंगळवारी डोळे तपासायला भाचीकडे गेले. माझी हनुवटी यंत्रावर टेकलेली, खोलीत अंधार. ती म्हणाली, “आत्या, हलू नकोस.” आणि मग तशीच, यंत्राच्या पलीकडून म्हणाली, “मी केलं होतं ते. अठरा दिवस थांबले, मग विरघळवलं. तुला सांगितलं नाही. तू बाबांशी माझ्यासाठी भांडलीस आणि मी केलं होतं.”

मला हलता येत नव्हते. नऊ वर्षांच्या मुलीच्या पोटात ही गोष्ट अठरा वर्षे राहिली, आणि ज्याने ती घातली तो निवांत झोपत होता. माझे नाव काढले याचा राग मी एकवेळ गिळला असता. हा गिळणार नाही.

म्हणून चित्रे व हक्क पूर्णपणे भाचीला. तिने खेळ कोणालाही द्यावा किंवा देऊ नये. दिल्यास एकच अट : सहाव्या मजल्याचे दार कोणालाही न विरघळवता उघडले पाहिजे.

आणि बाळ, मी तुला माफ करत नाही, कारण माफ करण्यासारखे तू काही केलेले नाहीस. कडी त्याने लावली होती. तू फक्त लहान होतीस.

४. अंत्यविधीला भावाने यावे, पण बोलू नये. तो बोलू लागला की लोक रडतात आणि नंतर त्याचेच कौतुक करतात.

५. धाकट्या भावाला : काही नाही. हे विसरून राहिलेले नाही. त्याच्या नावापुढे काय लिहावे याचा मी तीन दिवस विचार केला, आणि हेच लिहिले आहे. या ओळीत अक्षर बिघडलेले दिसल्यास ते वयामुळे समजू नये.

वरील मजकूर मी दोन्ही साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवला व त्यांच्यादेखत सही केली.

सही : चित्रकारीणबाई, तिसरा मजला

साक्षीदार :
१. डॉक्टरीणबाई, तळमजला
२. इमारतीची लिफ्ट दुरुस्त करणारे (वाचन चालू असताना यांनी दोनदा चष्मा पुसला, तरी मजकूर पूर्ण ऐकला आहे)

स्थळ : माझ्या स्वयंपाकघरातील टेबल
दिनांक : १९ नोव्हेंबर २०२५, दुपारी सव्वातीन