तळमजल्याची तिसरी वायर

मी, कुमारी अंजना भूपाल मगदूम, वय वर्षे ७२, विमा कंपनीतून निवृत्त, राहणार मंगळवार पेठ, कोल्हापूर, हे मृत्युपत्र माझ्या हाताने, माझ्या भाषेत लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉ. विजयसिंह घोरपडे यांचा तसा दाखला सोबत आहे. माझ्या भावाची तर तक्रारच आहे की ते जरा जास्तच ठिकाणावर आहे. मला कोणी धाक दाखवलेला नाही. तशी हिंमत या पेठेत अजून कोणाची झालेली नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. आमचे दुमजली घर वडिलांनी, म्हणजे आण्णांनी, १९६८ साली बांधले. वाटणीपत्राप्रमाणे तळमजला धाकटा भाऊ श्रेणिक याचा आणि वरचा मजला माझा. माझ्या मजल्याची व्यवस्था कलम ४ मध्ये आहे. आधी तळमजल्याबद्दल लिहिणे भाग आहे. तो माझा नाही, पण माझ्या पायाखाली आहे.

मी एकतीस वर्षे विम्याचे दावे तपासले. आगीच्या फायलीत ‘कारण: शॉर्ट सर्किट’ हे शब्द इतके वाचले की निवृत्त झाल्यावर लोक यात्रेला जातात, तसे मी माझ्या मजल्याचे वायरिंग नवे करून घेतले. श्रेणिककडे अजून आण्णांच्याच वायरी आहेत, लाकडी पट्टीवर ठोकलेल्या. दोनच वायरी, अर्थिंगची तिसरी नाही. फ्यूजच्या बारीक तारेच्या जागी त्याने जाड तांब्याची तार पिळली आहे, त्यामुळे फ्यूज कधी उडत नाही. हे त्याला यश वाटते. वीज गळली की आपोआप पडणारा स्विच मी २०११ साली त्याला भेट दिला होता. ‘सारखा पडतो’ म्हणून त्याने तो काढून टाकला. पडतो म्हणूनच तर दिला होता.

त्याच्या फ्रिजला हात लावला की ‘मुंग्या येतात’. शॉक हा शब्द आमच्याकडे वापरत नाहीत. आम्ही जैन, जमिनीवरची मुंगी चिरडू नये म्हणून खाली बघून चालतो. हाताला येणाऱ्या मुंग्या एखाद्या दिवशी माणूस मारतील, याचा विचार करायला कोणाला सवड नाही. स्वयंपाकघरात चप्पल चालत नाही, म्हणून माझी भावजय शालूबाई लाकडी पाटावर उभी राहून मिक्सर लावते. आई तशीच लावायची. आता पुतण्याची मुलगी आदिती, वय सहा, हिलाही शिकवले आहे: आधी पाट, मग बटण. मला बाराखडीसुद्धा इतकी पक्की शिकवली नव्हती.

२. माझी इंग्रजी पुस्तके आणि शब्दकोश पुतसून स्नेहल हिला. मला कॉन्व्हेंटमध्ये घातले म्हणून मी उलट बोलते, असे घरात पन्नास वर्षे म्हटले गेले. स्नेहल मराठी शाळेत शिकूनही उलट बोलते, तेव्हा दोष शाळेचा नसावा. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी.

३. माझी लाकडी शिडी वायरमन नागाप्पा यांना. ते ॲल्युमिनियमची शिडी घेऊन बोर्डाजवळ जातात. इतका हुशार माणूस इतका मूर्खपणा करतो हे मला बघवत नाही.

४. वरचा मजला पुतण्या जिनेश आणि स्नेहल यांना मिळून. ~~मात्र माझ्या मृत्यूनंतर सहा महिन्यांत तळमजल्याचे सर्व वायरिंग अर्थिंगसह नवे झाले पाहिजे. खर्च माझ्या ठेवींतून करावा. न केल्यास मजला मुलींच्या वसतिगृहाला द्यावा.~~

खोडलेल्या मजकुराचा खुलासा: इथपर्यंतचा मसुदा मी गेल्या महिन्यात लिहिला आणि एका रविवारी जेवणाआधी तळमजल्यावर सगळ्यांना वाचून दाखवला. श्रेणिक भडकला.

“आक्का, जित्तेपणी शॉक दिलास ते कमी पडलं व्हय? मेल्यावर पण देणार?”

“शॉक तुझ्या भिंतीत आहे. मी फक्त लिहून ठेवते.”

“आण्णांनी केल्यालं वायरिंग हाय! सत्तावन्न वर्सं झाली. कोण मेलं काय?”

“कोणी मेल्यावरच मोजायला सुरुवात करायची आहे का?”

शालूबाई स्वयंपाकघरातून म्हणाली, “अवं, भांडान मागनं करा. वन्सं कुठं पळून जात न्हाईत. माझं हात पिठाचं हाईत, एवढी शेंगदाण्याची चटणी फिरवा की.”

श्रेणिक बोलत बोलतच उठला. “मुंग्या म्हंजे शॉक न्हवं, किती येळा सांगायचं हिला,” असे म्हणत त्याने ओट्याखालचा पाट पायाने ओढला, त्यावर चढला आणि बटणाकडे हात नेला.

“शाब्बास आजोबा!” आदिती म्हणाली. “आधी पाट, मग बटण!”

कोणी हसले नाही. मीसुद्धा नाही, आणि ते सोपे नव्हते. श्रेणिकने आधी तिच्याकडे, मग स्वतःच्या पायांकडे पाहिले. हात तसाच मागे आला. तो खाली उतरला.

“चटणी आज खलबत्त्यात कुटा,” तो म्हणाला. “जिनेश, त्या नागाप्पाला फोन लाव.”

बारा दिवस घरभर धूळ होती. काल काम संपले. नागाप्पांनी नव्या स्विचचे चाचणीचे बटण दाबून तो पाडून दाखवला. मग श्रेणिकने ते चार वेळा दाबले. शालूबाईची मालिका चार वेळा बंद पडली, तेव्हा थांबला. अट पुरी झाल्यामुळे मी ती खोडत आहे. खोडलेल्या जागी माझी व साक्षीदारांची सही आहे.

५. ठेवी आता आदितीच्या शिक्षणासाठी. शाळा कोणतीही चालेल. विज्ञान नीट शिकवणारी हवी.

६. माझ्यामागे कोणी माझ्या स्वभावाबद्दल चांगले बोलू नये. कोणाचा विश्वास बसणार नाही.

७. दुसऱ्या साक्षीदाराबद्दल: वकिलांचा सल्ला असा की ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते, त्याला साक्षीदार करू नये. हे ऐकून श्रेणिकने विचारले, “मला काय ठेवलंयस?” मी म्हटले, काही नाही. “मग कागद इकडं आण,” तो म्हणाला.

हे सर्व मी समजून उमजून लिहिले आहे आणि खालील दोघांसमोर सही केली आहे. त्यांनीही माझ्यासमोर केली.

ठिकाण: कोल्हापूर
दिनांक: १६ नोव्हेंबर २०२५

(सही) अंजना भूपाल मगदूम

साक्षीदार:
१. (सही) डॉ. विजयसिंह घोरपडे
२. (सही) श्रेणिक भूपाल मगदूम. सर्व वाचले. माझ्याबद्दलचा मजकूर मान्य नाही. बहिणीची सही खरी आहे आणि तिचे डोके ठिकाणावर आहे.