शेजारच्या घराचा ताबा

१४ जून, शनिवार
मुक्ताचा फोन. सहावा लागला. "आई, बाळंतपणाला मी तुझ्याकडेच येणार. पण धारवाडच्या आईंनी अट घातलीय." तिच्या सासूबाईंची अट अशी: राजाजीनगरला आईच्या शेजारचं ते घर साफ झालं तर तिकडे जा, नाहीतर नववा लागायच्या आत मुक्ताने धारवाडला यायचं.

राग आला. उत्तराची वाक्यं मनात जुळायलाही लागली. मग गच्चीवर गेले आणि पलीकडे पाहिलं. मूर्तींचं घर. बँकेने जप्तीची नोटीस चिकटवून दोन वर्षं होतील. फाटकाला कुलूप, कुलपाला सील. अंगणात कमरेएवढं गवत. जमिनीतल्या टाकीचं लोखंडी झाकण कुणीतरी भंगारात विकलंय. आत काळं पाणी, आणि ते पाणी हलतंय. वारा नव्हता.

सासूबाईंचं चुकलेलं नाही. इथे लिहून ठेवते, कारण तोंडाने मी हे कबूल करणार नाही.

नववा लागतो सप्टेंबरच्या मध्याला. तीन महिने आहेत.

१७ जून, मंगळवार
बँकेत. वसुलीचं काम बघणारा अधिकारी तरुण आहे, हिंदीत बोलतो, नम्र आहे. म्हणाला, "मॅडम, आमच्याकडे फक्त प्रतीकात्मक ताबा आहे."
"म्हणजे?"
"कागदावर. प्रत्यक्ष ताबा अजून घेतलेला नाही. त्यामुळे देखभाल आमच्याकडे येत नाही."
"डास मात्र प्रत्यक्ष चावतात हो."
बाजूची मुलगी हसली. तिथून मी सुरू झाले. ताबा म्हणजे काय, जबाबदारीशिवाय हक्क म्हणजे काय, सरंजामशाहीतसुद्धा जमिनीच्या मालकाला विहीर राखावी लागायची. पंधरा मिनिटं. टोकन घेऊन बसलेल्या एका पेन्शनर अण्णांनी टाळी वाजवली.

घरी आले. ह्यांनी विचारलं, "अर्जाची पोच घेतलीस?"
घेतली नव्हती. टाळी घेऊन आले.

१९ जून, गुरुवार
पालिकेचे आरोग्य निरीक्षक. सगळं ऐकून घेतलं. "सरी मेडम. ओनर यारु?" मालक कोण ते सांगा, त्याच्या नावाने नोटीस काढतो. मूर्तींचं नाव काढावं तर ते म्हणणार घर बँकेने नेलं. बँकेचं काढावं तर ती म्हणणार फक्त कागदावर. निरीक्षकांनी हात उघडे करून दाखवले.

संध्याकाळी मूर्तींना फोन केला. दोन वर्षांत पहिला. छापखाना बुडाला, घर गहाण होतं, ते गेलं. आता तुमकूर रोडला भाड्याने राहतात. आमच्यात कंपाउंडच्या भिंतीवरून भांडण झालं होतं, म्हणून बोलणं बंद होतं. ते सामान टेंपोत भरत होते त्या दिवशी मी मंडळाच्या हॉलमध्ये शेजारधर्मावर बोलत होते. व्याख्यान रंगलं होतं.

मूर्ती म्हणाले, "अक्का, लिलावाविरुद्ध केस चालू आहे. वकिलांनी बजावलंय, घराच्या एकाही कागदावर सही करू नका. काय करू सांगा."
मी मुक्ताचं सांगितलं. मग म्हणाले, "देवरु चांगलं करील."
देवावर सोडायचं असतं तर फोन कशाला केला असता.

२९ जून, रविवार
रहिवाशांची सभा, देवळाच्या ओट्यावर. कन्नडमध्ये वीस मिनिटं बोलले. आज लय लागली होती, उगाच विनय नको. "ज्या घराला मालक नाही त्या घराचे डास कुणाकडे जातात? सगळ्यांकडे! मग ते घर कुणाचं?" सगळे एका आवाजात, "सगळ्यांचं!" ठराव एकमताने. उद्या सकाळी सातला फाटकासमोरचा कचरा सगळ्यांनी मिळून उचलायचा. औषधाच्या दुकानाचे नंजुंडप्पा येऊन म्हणाले, "मेडम, सुपर!"

३० जून
सात वाजता हजर: मी, हे, आणि गंगम्मा. गंगम्मा पालिकेची सफाई कामगार. ती सभेला नव्हती. ती आली कारण ती रोजच येते.
"भाषण चेन्नागित्तंते, अम्मा," म्हणाली. छान झालं म्हणे. "आता ते फावडं इकडे द्या."

पोती, नारळाच्या करवंट्या, एक फुटका कमोड. करवंट्यांत पाणी, पाण्यात अळ्या. अकरापर्यंत कंबर गेली. नंजुंडप्पा दुकान उघडायला जाताना थांबले, "स्वल्प बिझी, मेडम."

साफ झाल्यावर गंगम्माने पदराच्या गाठीतून रांगोळी काढली आणि फाटकासमोर ठिपक्यांचं मोठं कमळ घातलं. म्हणाली, "रोज घाला. रांगोळीवर कचरा टाकायला माणसाचा हात धजत नाही. आमच्या लायनीत अशा चार जागा मी राखल्यात."

मी तिला विचारलं, ही युक्ती पालिकेची का? म्हणाली, "पालिकेला कुठे रांगोळी येते?"

९ जुलै, बुधवार
दहा दिवस रोज पहाटे रांगोळी. एक पिशवीसुद्धा पडली नाही. फाटकाशी कर्दळीच्या दोन कुंड्या ठेवल्या. ह्यांनी फाटकाचा गंज घासून काढला. रंगही द्यायचं म्हणत होते, मी थांबवलं.

बाहेर साफ. पण टाकी आत आहे, अंगणाच्या पलीकडच्या टोकाला. हे शिडी लावून भिंतीवर चढले, वय वर्षं सहासष्ट, आणि लांब पाइपातून तेल सोडलं. मी खाली शिडी धरून कायद्याच्या दृष्टीने हे अतिक्रमण ठरतं का ते सांगत होते. वरून आवाज: "बाई, आधी शिडी धर. कायदा मग."

१७ जुलै, गुरुवार
पाऊस. टाकी भरून वाहिली, तेल वाहून गेलं. अळ्या पुन्हा.

समोरच्या शारदाक्कांना डेंग्यू. पेशी उतरल्यात, दवाखान्यात ठेवलंय. भेटून आले. हात हातात घेतला तर तापलेला. म्हणाल्या, "मुक्ताला आणू नकोस गं."

मुक्तापासून लपवायचं नाही असं ठरवलं आणि सांगितलं. ती म्हणाली, "आई, धारवाडचं तिकीट बघायला सांगू का ह्यांना?"
"अजून नाही."
"आई, इथे भाषण करून चालणार नाही गं."
माहीत आहे. आजकाल सगळे मला हेच सांगतात.

२४ जुलै, गुरुवार
रजिस्टर पोस्टाने पाकीट. बँकेकडून. माझ्या नावाने!
त्यांचा मूल्यमापन करणारा माणूस येऊन फोटो काढून गेला म्हणे. फोटोत काय? रांगोळी. कुंड्या. घासलेलं फाटक. सरळ निष्कर्ष: शेजारीण घर वापरते. "सदर मालमत्ता बँकेच्या ताब्यात असून आपण तिच्यात अनधिकृत वावर करीत आहात, तो सात दिवसांत थांबवावा."

हे संतापले. "वकील बघू. या वयात घुसखोर!"
मी तीनदा वाचलं. चौथ्यांदा मोठ्याने वाचलं. "सदर मालमत्ता बँकेच्या ताब्यात असून." प्रतीकात्मक शब्द कुठेही नाही. सही आहे, शिक्का आहे, तारीख आहे. महिनाभर दारोदार जे वाक्य मागत फिरले ते त्यांनी स्वतःच्या खर्चाने घरपोच पाठवलं.
ह्यांना म्हटलं, वकील नको. झेरॉक्स काढून आणा.

२५ जुलै
निरीक्षकांच्या टेबलावर नोटिशीची प्रत ठेवली. भाषण नाही. एक शब्द नाही. माझ्यासाठी हे सोपं नव्हतं.
ते वाचत गेले आणि खुर्चीत सरळ झाले. "मेडम! ओनर सापडला की!" तिथेच बँकेच्या नावाने नोटीस लिहायला घेतली. डासांची पैदास, टाकी उघडी, पंधरा दिवसांत उपाय, नाहीतर खटला.
पोच घेतली. दोन प्रतींवर.

११ ऑगस्ट, सोमवार
बँकेचा तोच तरुण अधिकारी दारात. बूट बाहेर काढून आत आला, चहा घेतला. "मॅडम, तुम्ही तर आम्हालाच अडकवलंत." मग खरं बोलला. प्रत्यक्ष ताबा घेण्याचा मॅजिस्ट्रेटचा आदेश मार्चमध्येच झालेला आहे. फाइलमध्ये पडून होता. कुणाला घाई नव्हती. "आता घ्यावाच लागेल. टाकी उपसू, झाकण घालू, फवारणी, वॉचमन. सगळं करतो."
"आणि मग?"
"मग लिलाव."
एवढा मोठा शब्द, आणि मी तो हिशेबात धरलाच नव्हता.

१६ ऑगस्ट, शनिवार
मूर्ती आले. फाटकाशी उभे. आत या म्हटलं, आले नाहीत. बारीक झालेत. स्वतःच्या घराकडे एकदाही मान वळवली नाही.
"अक्का, दोन वर्षं बँकवाले झोपले होते. तुम्ही उठवलंत."

म्हटलं, "मूर्ती, शारदाक्का मरता मरता वाचल्या. मी पुन्हा हेच करीन."
"करा. मुक्ता मलाही मुलीसारखी." मग हळू म्हणाले, "ताबा घेताना पंचनामा होतो. शेजारचे दोन पंच लागतात. तुम्हाला बोलावतील. सही करू नका. पंच मिळाले नाहीत की तारीख पुढे जाते. आमच्या केसची सुनावणी तोवर होईल."
म्हणजे टाकीही तशीच राहील. त्यांनाही ते माहीत होतं. म्हणून तर डोळे वर केले नाहीत.
सांगितलं, "मी आत जाणार. सहीचं तिथे ठरवीन."
"सरी," म्हणाले, आणि बसस्टॉपकडे चालू लागले.

२ सप्टेंबर, मंगळवार
तारीख आली: ९ सप्टेंबर. अधिकारी गल्लीभर पंच शोधतोय. सगळे स्वल्प बिझी. नंजुंडप्पा मला कानात, "मेडम, सही बेडा, करूच नका. कोर्टात खेटे घालायला लावतात." शेवटी दुसरे पंच म्हणून हे उभे राहणार होते, पण नवराबायको दोघं चालत नाहीत म्हणे. शारदाक्का उठून आल्या. अजून अशक्त आहेत. "ज्या घराने मला आडवं केलं ते आतून बघते तरी."

मुक्ताची बॅग भरलेली आहे. कुठे जायचं ते ठरलेलं नाही. तिच्या सासूबाईंनी स्वतः फोन केला, पहिल्यांदाच. "विहीणबाई, मी वाट बघते. पण चौदा तारखेपर्यंतच."
"चौदाच्या आत कळवते," म्हटलं. वाद घातला नाही. बाई सरळ बोलते, मला आवडली.

९ सप्टेंबर, मंगळवार
सकाळी नऊला कोर्टाचे कमिशनर, पोलीस, बँकेची माणसं. निरीक्षक अडून बसले: आधी टाकी, मग बाकीचं. पंप लावला. दुपारी बारापर्यंत तळ दिसला. तळाशी चिखल, एक चप्पल, आमच्या गच्चीवरून हरवलेली बादली. गंगम्माने पावडर टाकली आणि माझ्याकडे बघून मान हलवली.

मग घर उघडलं. कुबट वास. मागच्या खोलीत छापखान्याचं जे विकलं गेलं नाही ते सगळं. अधिकाऱ्याने एकदा नजर फिरवली आणि लिहून घ्यायला सांगितलं: "किरकोळ सामान, एक लॉट." कागद माझ्यापुढे केला.
"किरकोळ म्हणजे काय?"
"मॅडम, भंगार आहे."
"मी भंगार लिहिलेल्या कागदावर सही करत नाही. एकेक वस्तू लिहा."
"मॅडम, सही झाली नाही तर ताबा पुरा होत नाही. झाकण नाही, वॉचमन नाही. पाऊस आला की टाकी पुन्हा भरेल."
"म्हणून तर म्हणते, भराभर लिहा."

कमिशनर वयस्कर. हसू दाबून म्हणाले, पंचांचा आग्रह असेल तर लिहावं लागेल. खुर्ची मागवली आणि मधोमध बसले. लग्नपत्रिकांचे ब्लॉक, दोन पेट्या. कन्नड अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवायचे लाकडी ट्रे, चोवीस. शाईचे डबे, सुकलेले, सात. कात्री, मोठी, पात्याला गंज. शारदाक्का मोजत होत्या, मी सांगत होते, बँकेचा माणूस लिहीत होता. एरवी माझी वाक्यं एवढी आखूड नसतात.

चाळिसाव्या ओळीवर पाच वाजले. पोलिसांची गाडी निघायची होती. कमिशनरांनी उरलेलं उद्या सकाळी दहावर टाकलं. टाकीवर तात्पुरती फळी ठेवली आहे.

घरी येऊन मूर्तींना फोन केला. यादी वाचून दाखवली, पहिल्या ओळीपासून. ट्रेपाशी आले तेव्हा त्यांनी थांबवलं.
"चोवीस नाही, अक्का. सव्वीस. दोन माळ्यावर आहेत. वडिलांचे."
"उद्या माळ्यावर बघते."
"शिडी स्वयंपाकघराच्या दाराआड असेल. तिसरी पायरी कच्ची आहे, जपून."

सहीबद्दल ते बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.